परसांतील तळें

उन्हाळ्याची सुटी लागली, परीक्षेचा निकाल हातीं आला आणि आंब्याच्या अढीचा वास घरभर दरवळूं लागला, म्हणजे शहरांतील मुलांपुढें एक मोठा प्रश्न उभा राहतो. आतां दिवसभर करावयाचें काय? भर उन्हांत बाहेर जाऊं देत नाहींत, पत्ते खेळून कंटाळा येतो आणि मोठीं माणसें आपापल्या कामांत असतात. अशा एखाद्या कंटाळवाण्या दुपारीं परसांतील मोकळ्या कोपऱ्याकडे पाहून एखाद्या मुलाला एकदम सुचतें, "आपण येथें एक तळें करूंया!" बहुतेक घरीं ही कल्पना दोन दिवसांत विरून जाते. कांहीं घरीं मात्र ती खरोखरच अमलांत येते. आजचें भाषण अशा घरांविषयीं आहे. तळें कसें करावें हें त्यांत येईलच; परंतु तें करावें कीं न करावें, आणि केल्यास तें कोणीं राखावें, हा प्रश्न त्याहून अधिक महत्त्वाचा आहे.

दारापुढें पाणी खेळविण्याची हौस महाराष्ट्राला नवी नाहीं. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजच्या डोंगराच्या पायथ्याशीं तलाव बांधविले, तेथील पाणी जमिनीखालच्या बंदिस्त नळांतून पुण्यांत आणविलें आणि तें ठिकठिकाणच्या हौदांत सोडविलें. शनिवारवाड्यांतील कमळाच्या आकाराचें कारंजें आजही पाहावयास मिळतें. भाषेंतही तळें आहेच. थेंबें थेंबें तळें सांचतें, आणि तळें राखील तो पाणी चाखील, या म्हणी शाळेंतील प्रत्येक मुलाला पाठ असतात. दुसऱ्या म्हणीचा उपयोग पुष्कळदां जरा तिरकसपणें केला जातो. ज्याच्या हातीं कारभार, तो आपला वाटा काढून घेणारच, असा तिचा रोख असतो. परसांतील तळ्याला ती कशी लागू पडते, हें शेवटीं दिसून येईल.

समजा, पुण्याच्या एखाद्या जुन्या वसाहतींत एक बैठें घर आहे. घरांत आजी, आई, वडील, चौदा वर्षांची मुलगी आणि दहा वर्षांचा मुलगा अशीं पांच माणसें राहतात. मागील परसांत एक आंबा, दोन नारळ, धुणें धुण्याचा दगड आणि थोडी मोकळी जागा आहे. मुलानें तळ्याची गोष्ट काढली. वडिलांना ती पसंत पडली. मुलीनें लगेच कागदावर आकृति काढली. आजी वाती वळीत बसली होती. ती मान वर न करतां म्हणाली, "करा कीं! पण आधीं माझ्या तीन प्रश्नांचीं उत्तरें द्या. डांस झाले तर काय कराल? शेजारचा लहानगा कुंपणाच्या फटींतून रोज आपल्याकडे येतो; तो पाण्यांत पडला तर काय कराल? आणि जून महिन्यांत शाळा सुरू झाली म्हणजे त्या तळ्याकडे बघणार कोण?"

असे प्रश्न उत्साहावर विरजण घालणारे वाटतात. वस्तुतः तळ्याचा खरा आराखडा त्यांतच आहे. या घरच्या वडिलांनीं आजीचे तिन्ही प्रश्न मुलीच्या आकृतीच्या वरच्या बाजूस लिहून काढले आणि असें ठरविलें कीं, तिहींचीं उत्तरें मिळेपर्यंत कुदळीला हात लावावयाचा नाहीं. प्रत्येक घरानें हाच क्रम ठेवावा.

प्रथम लहानग्याचा प्रश्न घेऊं या. पाणी किती खोल आहे यावरून त्याचा धोका ठरत नाहीं. अवघ्या कांहीं इंच पाण्यांत तोंड बुडालें तरी लहान मूल गुदमरतें. आणि बुडणारें मूल बहुधा ओरडत नाहीं, तें निमूटपणें बुडतें. म्हणून "दोनच फूट तर पाणी आहे" हें समाधान खोटें आहे. ज्या घरांत रांगणारें किंवा नुकतें चालूं लागलेलें मूल असेल, त्या घरानें तळें कांहीं वर्षें पुढें ढकलावें. त्यांत कमीपणा कांहींच नाहीं. इतर घरांनींही शेजाऱ्यापाजाऱ्यांचीं मुलें जमेस धरलींच पाहिजेत. या घरीं पहिलें काम झालें तें कुंपणाची फट बुजविण्याचें. दुसरें काम, तळ्यावर बसविण्यासाठीं लोखंडी पट्ट्यांची मजबूत जाळी लोहाराकडून करवून घेण्याचें. जाळीचीं भोकें अशीं असावीं कीं, त्यांतून कमळाचीं पानें वर येतील, परंतु मुलाचें पाऊल खालीं जाणार नाहीं. ती बसविल्यावर घरांतील सर्वांत जड माणसानें तिच्यावर उभें राहून पाहावें. जी जाळी वडिलांना तोलूं शकेल, तीच मुलांना राखूं शकेल.

यानंतर जागेची निवड. कमळाला फुलें येण्यासाठीं दिवसांतून निदान पांच-सहा तास ऊन लागतें. म्हणून तळें झाडाच्या दाट सावलींत नसावें. झाडाखालीं आणखीही एक अडचण असते. गळलेलीं पानें पाण्यांत कुजतात, पाणी काळें पडतें आणि त्यांतील प्राणवायु कमी होतो. वड, पिंपळ, उंबर यांचीं मुळें पाण्याच्या शोधांत दूरवर जातात आणि अस्तर फोडतात. त्यांच्या आसपासही तळें नको. घराच्या पायापासून तें चांगलें दूर असावें, आणि सांडपाण्याच्या खड्ड्याच्या उताराला तर मुळींच नसावें. आणखी एक गोष्ट, जी पुस्तकांत सहसा सांपडत नाहीं. तळें स्वयंपाकघराच्या खिडकींतून दिसलें पाहिजे. दिवसाचा पुष्कळसा वेळ घराचा डोळा त्याच खिडकींत असतो. या घरीं जागेविषयीं शेवटचा शब्द आईनें दिला तो याच कारणानें.

जागा ठरल्यावर गणिताला आरंभ होतो, आणि सुटींतील गणित मुलांना कडू लागत नाहीं. या घरचें तळें आठ फूट लांब आणि पांच फूट रुंद योजलें होतें. कडेनें चोहोंकडून एक फूट रुंदीची पायरी ठेवावयाची. तेथें पाणी नऊ इंच राहील. मधला सहा फूट लांब व तीन फूट रुंद भाग दोन फूट खोल. मधल्या भागाचे ३६ घनफूट आणि पायरीचे साडेसोळा, असे एकूण साडेबावन्न घनफूट झाले. एका घनफुटांत सुमारें २८.३ लिटर पाणी मावतें. म्हणजे सारें तळें भरण्यास जवळजवळ १५०० लिटर पाणी लागणार. पंधरा लिटरच्या शंभर बादल्या! मुलानें हा आंकडा दोनदां पडताळून पाहिला. "आणि वजन किती?" असें बहिणीनें विचारलें. एक लिटर पाण्याचें वजन एक किलोग्रॅम. तेव्हां दीड टन. हा भार जमिनीला पेलावा लागतो. म्हणून असें तळें गच्चीवर करण्याचा मोह कोणींही धरूं नये.

पायरीचा उपयोग तिहेरी आहे. उथळ पाण्यांतील झाडांच्या कुंड्या तिच्यावर राहतात. बेडकांना आणि चुकून पडलेल्या खारीला वर येण्यास वाट मिळते. आणि कडा एकदम खोल नसल्यानें माती ढासळत नाहीं.

खणण्यापूर्वीं उकरलेली माती कोठें टाकावयाची हें ठरवावें लागतें, आणि हाच विचार बहुतेक लोक विसरतात. घट्ट जमिनींतून निघालेली माती सैल होऊन सुमारें चौथा हिस्सा फुगते. साडेबावन्न घनफुटांच्या खड्ड्यांतून सुमारें पासष्ट घनफुटांचा ढीग निघतो. एका घमेल्यांत अर्धा घनफूट माती धरली तर एकशें तीस घमेलीं झालीं. आणि मुलांनीं अर्धें अर्धें घमेलें उचलावें हेंच बरें असल्यानें त्यांच्या हिशेबानें दोनशें साठ. या घरीं ती माती कुंपणाच्या कडेनें टाकून तिचा एक लांबट वाफा केला आणि त्यावर गवती चहा लावला. वरची सुपीक माती आणि खालचा मुरूम मात्र निराळा ठेवावा. मुरूम वर आला तर वाफा कांहीं देत नाहीं.

खणण्याचें काम सकाळीं सात ते नऊ आणि सायंकाळीं पुन्हां तासभर, एवढेंच ठेवावें. वडिलांनीं पहार आणि कुदळ, मुलीनें फावडें, मुलानें घमेलें, आईनें मोजणीची काठी, अशी वांटणी केली म्हणजे कोणीही नुसतें पाहत उभें राहत नाहीं. आजीनें ताकाची कासंडी जवळ ठेवून देखरेख केली, आणि देखरेख हेंही काम आहे. या घरीं खड्डा पांच दिवसांत झाला. भाड्याच्या मजुरानें तो एका दिवसांत केला असता. परंतु तसें झालें असतें तर तें मजुराचें तळें झालें असतें.

खड्डा झाल्यावर सर्वांत नाजूक काम म्हणजे कांठ समपातळींत आणणें. डोळ्याला सपाट दिसणारी जमीन सपाट असतेच असें नाहीं. पाणी मात्र कधीं खोटें बोलत नाहीं. कांठाची एक बाजू दोन इंच खालीं राहिली, तर तेथून पाणी वाहून जातें आणि दुसऱ्या बाजूचें अस्तर उघडें पडतें. गवंड्याची पाणसळ मिळाल्यास उत्तम. ती नसल्यास पारदर्शक नळीचा एक लांब तुकडा घेऊन त्यांत पाणी भरावें आणि दोन्ही टोंकें समोरासमोरच्या कांठांवर उभीं धरावीं. नळींत बुडबुडा नसेल तर दोन्ही टोंकांतील पाणी एकाच पातळीला राहतें. शास्त्राच्या पुस्तकांत वाचलेला हा नियम मुलांनीं अशा वेळीं स्वतःच्या हातांत धरलेला असतो.

आतां अस्तर. याचे तीन मार्ग आहेत. पहिला जुना मार्ग चिकणमातीचा. ओली चिकणमाती पायांनीं चांगली तुडवून तिचा सहा ते नऊ इंचांचा थर तळाशीं आणि कडांना चोपून बसवितात. खर्च थोडा, परंतु पाणी आटून थर एकदां वाळला कीं, त्याला भेगा पडतात. दुसरा मार्ग सिमेंटचा. तो टिकाऊ खरा, पण त्यास गवंडी पाहिजे, लोखंडी जाळी पाहिजे, आणि निदान आठवडाभर सतत ओलावा पाहिजे. दख्खनच्या काळ्या मातींत तो विशेष जपून करावा. ही माती पावसाळ्यांत फुगते, उन्हाळ्यांत आकसते आणि सिमेंटला तडे पाडते. शिवाय नव्या सिमेंटमधून पाण्यांत क्षार उतरतात. ते माशांना बाधतात. म्हणून असा हौद प्रथम भरावा, कांहीं दिवसांनीं रिकामा करावा, आणि हें दोन-तीनदां केल्याशिवाय त्यांत जीव सोडूं नये. कोंकणच्या जांभ्या दगडाच्या जमिनींत पाणी झिरपून जातें. तेथें अस्तरावांचून चालतच नाहीं.

घरच्या घरीं करावयाच्या तळ्यास तिसरा मार्ग सोयीचा, तो म्हणजे जाड प्लॅस्टिकचें किंवा रबराचें अखंड कापड. त्याचें माप काढण्याची रीत सोपी आहे. लांबींत खोलीची दुप्पट मिळवावी आणि कांठावर घेण्यासाठीं दोन्ही बाजूंस एकेक फूट धरावा. येथें आठ, अधिक चार, अधिक दोन, म्हणजे चौदा फूट लांबी. आणि पांच, अधिक चार, अधिक दोन, म्हणजे अकरा फूट रुंदी. कापड पसरण्यापूर्वीं खड्ड्यांतील प्रत्येक खडा, मुळाचें प्रत्येक टोंक हातानें चांचपून काढावें. दीड टन पाण्याच्या भाराखालीं हरभऱ्याएवढा टोंकदार खडाही कापडाला भोंक पाडतो. नंतर तळाशीं दोन इंच बारीक वाळू पसरावी आणि तिच्यावर जुनीं पोतीं किंवा जाड कापड घालावें. या घरीं आजीनें आपली विरलेली गोधडी आणून दिली. तिच्या मनांत तळ्याविषयीं किती राग उरला होता, हें त्यावरून कळून आलें.

पाणी भरूं लागल्यावर कापड आपोआप खड्ड्याच्या आकाराला बसतें. त्या वेळीं सुरकुत्या हातानें नीट करीत जावें आणि पाणी कांठाशीं आल्यावरच वरचें जास्त कापड दगडांखालीं दाबावें. तें उन्हांत उघडें राहूं देऊं नये. उन्हानें तें ठिसूळ होतें. एका बाजूला कांठ जरासा खालीं ठेवून जास्तीचें पाणी वाफ्याकडे जाईल अशी वाट करावी. पुण्यांत वर्षाकाठीं सुमारें ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, मुंबईंत २००० मिलिमीटरांहूनही अधिक. त्याला बाहेर जाण्यास दार नसलें, तर तो स्वतःच दार पाडतो.

नळाच्या पाण्यांत जंतु मारण्यासाठीं क्लोरीन घातलेलें असतें. भरलेलें तळें दोन दिवस उघडें ठेवलें म्हणजे त्याचा बराचसा अंश निघून जातो. त्यानंतर वनस्पति लावाव्या. कमळ आणि कुमुद यांत पुष्कळ लोक घोटाळा करतात. कमळाचीं पानें आणि फुलें पाण्याच्या वर देंठावर उभीं राहतात. कुमुदाचीं पानें पाण्यावर तरंगतात. लहान तळ्यास कुमुद अधिक सोयीचें. कमळाला मोठी, रुंद कुंडी आणि पुष्कळ माती लागते. कुंडींत साधी चिकट माती घालावी, वर वाळूचा थर द्यावा, आणि कच्चें शेणखत घालूं नये. तें पाण्यांत विरघळून शेवाळाचें अन्न होतें. जलपर्णीचीं जांभळीं फुलें कितीही सुंदर दिसलीं तरी ती तळ्यांत आणूं नये. ही दक्षिण अमेरिकेंतील वनस्पति आपल्या नद्या आणि तलाव कशी व्यापते, हें मुळा-मुठेच्या कांठीं राहणाऱ्यांस सांगावयास नको.

पहिल्या एक-दोन आठवड्यांत पाणी हिरवें होतें आणि घरांतील उत्साह मावळतो. येथेंच पुष्कळ तळीं फसतात. माणसें घाबरून सारें पाणी उपसतात, पुन्हां भरतात, आणि पुन्हां हिरवेपणा येतो. कारण नव्या पाण्याबरोबर नवे क्षार येतात. येथें औषध एकच, तें म्हणजे धीर. कुमुदाच्या पानांनीं अर्ध्याहून अधिक पृष्ठभाग झांकला आणि पाणवनस्पतींनीं क्षार शोषून घेतले म्हणजे सूक्ष्म शेवाळाला ऊन आणि अन्न दोन्ही कमी पडतें आणि पाणी निवळूं लागतें.

आतां आजीचा पहिला प्रश्न, तो म्हणजे डांसांचा. हा प्रश्न थट्टेवारी नेण्याचा नव्हे. हिवतापाचे जंतु डांसाच्या शरीरांत वाढतात, हें रोनाल्ड रॉस यांनीं २० ऑगस्ट १८९७ रोजीं सिकंदराबादेस सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें. पुढें मुंबईंतील हिवतापाविषयीं डॉ. बेंटले यांचा अहवाल १९११ सालीं प्रसिद्ध झाला. घरोघरच्या उघड्या विहिरींत हिवतापाचे डांस वाढतात, असें दिसून आलें होतें. त्यानंतर त्या शहरांत विहिरी झांकण्याची आणि बुजविण्याची मोहीम झाली. ज्या पाण्याची लोकांनीं पूजा केली, त्याच पाण्यावर झांकण घालण्याची पाळी आली. न राखलेल्या पाण्याची किंमत कोणाला द्यावी लागते, हें यावरून समजतें.

उष्ण दिवसांत अंड्यापासून उडणारा डांस तयार होण्यास सुमारें आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून तळ्यांत मासे सोडावयाचे ते पाणी भरल्यापासून आठवड्याच्या आंत. गप्पी नांवाचा लहान मासा या कामीं प्रसिद्ध आहे. तो मूळचा दक्षिण अमेरिकेंतील. अंडीं न घालतां पिलें देतो आणि डांसांच्या अळ्या आवडीनें खातो. या आकाराच्या तळ्यास प्रथम वीस-पंचवीस मासे पुष्कळ झाले. पुढें ते स्वतःच वाढतात. त्यांना पोटभर खाऊं घालूं नये. जो मासा पोळीच्या तुकड्यांवर पोसला जातो, तो अळ्यांकडे कशाला पाहील? वाढलेले मासे नदींत किंवा तलावांत मात्र सोडूं नयेत. तेथील मूळच्या माशांना ते उपद्रव देतात. शेजाऱ्यांना त्यांच्या हौदासाठीं द्यावेत.

माशांवर विसंबूनही चालत नाहीं. दर रविवारीं पांढऱ्या वाटीनें कांठाजवळचें, पानांखालचें पाणी उचलून पाहावें. अळी असल्यास पांढऱ्या तळावर ती लगेच दिसते. वाटी क्षणभर स्थिर धरली तर आणखीही एक गंमत कळते. हिवतापाच्या डांसाची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर आडवी राहते. घरांत रात्रीं गुणगुणणाऱ्या सामान्य डांसाची अळी डोकें खालीं करून तिरपी लोंबते. या घरच्या मुलीनें जीवशास्त्राचें एक प्रकरण अशा रीतीनें वाटींतच वाचून काढलें.

जूनमध्यें पहिला पाऊस झाला, आणि कोणीं न बोलावतां बेडूक आले. चतुर पाण्यावर घिरट्या घालूं लागले. त्यांचीं पिलें पाण्यांत राहून डांसांच्या अळ्या खातात. एके दिवशीं खंड्या जाळीवर येऊन बसला आणि माशांकडे पाहून निराश होऊन उडून गेला. दिवड नांवाचा पाणसाप आला तर घाबरून त्यास मारूं नये. तो बिनविषारी असतो. परंतु सापाची ओळख नसेल तर मुलांनीं दूर राहावें आणि जाणत्या माणसास बोलवावें, हेंच शहाणपण.

शाळा सुरू झाली, आणि आजीचा तिसरा प्रश्न पुढें उभा राहिला. या घरीं त्यासाठीं एक जुनी वही केली होती. सोमवारीं गळलेलीं पानें काढणें, बुधवारीं जाळीच्या कड्या पाहणें, रविवारीं वाटीची परीक्षा. आणि ज्यानें काम केलें त्यानें वहींत सही करावयाची. भर उन्हाळ्यांत त्यांत आणखी एक काम असतें. दिवसाला आठ मिलिमीटर पाणी आटतें असें धरलें, तर चाळीस चौरस फुटांच्या तळ्यांतून रोज सुमारें तीस लिटर, म्हणजे दोन बादल्या पाणी उडून जातें. ज्या गांवीं उन्हाळ्यांत प्यावयाच्या पाण्याची टंचाई असते, तेथें या दोन बादल्या कोठून येणार याचा विचार खड्डा खणण्यापूर्वींच झाला पाहिजे.

ऑगस्टमध्यें त्या गल्लींत दोन घरीं डेंग्यूचा ताप आला. आरोग्य खात्याचा एक कर्मचारी हातांत विजेरी आणि पळी घेऊन घरोघर फिरूं लागला. तो परसांत आल्याबरोबर तळ्याकडे गेला. मुलगा वही घेऊन अभिमानानें जवळ उभा राहिला. पळी तीन ठिकाणीं बुडविली. तीन्ही वेळां पाणी स्वच्छ निघालें. कर्मचाऱ्यानें मान डोलाविली, आणि मग तो सहज आंब्यामागें गेला. तेथें मे महिन्यांत माती वाहिलेलें एक घमेलें तसेंच पडलें होतें. त्यांत चार बोटें पावसाचें पाणी सांचलें होतें, आणि तें पाणी अळ्यांनीं वळवळत होतें. डेंग्यूचा डांस तळ्यापेक्षां अशाच लहानशा, साध्या, विसरलेल्या पाण्यांत अधिक वाढतो. तो दिवसा चावतो, आणि त्याला एखाद्या फुटक्या कुंडींतील पाणीही पुरतें.

घमेलें त्याच क्षणीं उपडें झालें. मुलाचा चेहरा पडला. आजी पायरीवर बसली होती. ती एवढेंच म्हणाली, "तळें राखलेंत, घमेलें राखायचें राहिलें." त्या संध्याकाळीं वहींत एक नवी ओळ पडली. "दर शनिवारीं परसांतील प्रत्येक भांडें उपडें करणें." ती कोणीं सांगितली म्हणून लिहिली गेली नाहीं, मुलानें ती आपण होऊन लिहिली. आणि दुसऱ्या दिवशीं तो शेजारच्या दोन्ही घरीं जाऊन त्यांच्याही कुंड्यांखालच्या बशा पाहून आला.

तळें खणण्यास पांच दिवस लागले, तें राखण्याचें काम वर्षानुवर्षें चालणार आहे. बाजारांतून विकत आणलेली शोभेची वस्तु जुनी झाली म्हणजे माळ्यावर टाकतां येते. जिवंत पाणी माळ्यावर टाकतां येत नाहीं. त्याच्याकडे पाठ फिरविली कीं तें घराचें आणि शेजाऱ्यांचें वैरी होतें. म्हणून ज्या घराला राखण्याची उमेद नसेल, त्यानें तळें करूं नये. आणि ज्यानें केलेलें आहे, पण राखणें ज्याला यापुढें जमत नाहीं, त्यानें तें खुशाल बुजवून तेथें फुलझाडें लावावीं. त्यांत लाज नाहीं. परंतु जें घर सर्वांच्या हातांनीं तळें खणील आणि सर्वांच्या सह्यांनीं तें राखील, त्याला उमलणारें कुमुद तर मिळेलच. शिवाय आणखीही कांहीं मिळेल. आपण केलेल्या गोष्टीचा भार आपणच वाहावयाचा असतो, आणि त्या भारांत शेजाऱ्याचाही हिस्सा असतो, हें त्या घरचीं मुलें कोणाच्या उपदेशावांचून शिकतील.

तळें राखील तो पाणी चाखील, या म्हणीचा परसांतील अर्थ हाच आहे. येथें वाटा चोरून काढावा लागत नाहीं. जो राखतो त्याला तो आपोआप मिळतो.